अकेशिया, सागवान, निलगिरी, सुरू: लागणीच्या तळाला काय उगवतं आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पावसाळा लागला की हे प्रश्न येतातच. कुणी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या रस्त्याला गाडी थांबवून फोटो काढतं, कुणी गुंजीकडे गुरं चारताना दिसलेलं पान पाठवतं, कुणी थेट विचारतं की आमच्या गावच्या अकेशियाखाली गवत का येत नाही. प्रत्येकाला वेगळं टाइप करताना निम्मं सांगायचं राहून जातं म्हणून सगळं इथे एकत्र लिहून ठेवलंय. लागण म्हणजे एकाच जातीची झाडं ओळीत लावून केलेलं रान. प्रश्न तुमचेच आहेत, सारखे सारखे होते ते मी एकात घातलेत, आणि एका उत्तरातलं दुसरीकडे लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हे "नीश नीश" म्हणतात ते नक्की काय असतं? सोप्या भाषेत सांगा.

जुन्या घरात भिंतीत कोनाडा असतो बघा, दिवा ठेवायला. मूळ शब्दाचा अर्थही तोच, भिंतीतली खोबण. झाडाचा कोनाडा म्हणजे फक्त त्याची जागा नव्हे, तर त्या झाडाला किती उजेड लागतो, किती ओल, कसली माती, वर्षातले कुठले महिने, कुणाच्या शेजारी जमतं आणि कुणाच्या नाही, हे सगळं मिळून. ग्रिनेल या शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पक्ष्याबद्दल लिहिताना हा शब्द वापरला तेव्हा त्याचा भर राहण्याच्या जागेवर होता, एल्टनने १९२७ मध्ये तो जीव तिथे काय करतो, काय खातो यावर भर दिला, आणि हचिन्सनने १९५७ मध्ये सगळी मापं एकत्र धरून कल्पना मांडली. हचिन्सनची एक गोष्ट आपल्याला फार उपयोगाची आहे: झाड *जगू शकेल* अशी जागा मोठी असते, आणि शेजाऱ्यांनी ढकलल्यावर त्याच्या वाट्याला *प्रत्यक्ष उरते* ती लहान. कुंडीत एखादं रोपटं भर उन्हात मस्त वाढतं आणि रानात मात्र सावलीतच सापडतं, याचं कारण बऱ्याचदा हेच, उन्हातली जागा गवताने आधीच धरलेली असते.

अजून एक, ग्रब या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेलं. मोठं झाड जिथे जगतं तिथे त्याचं बी रुजेलच असं नाही, रुजण्याचा कोनाडा वेगळा असतो. लागणीखाली जे घडतं त्यातलं निम्मं या एका वाक्यात आहे.

२. दादा, पाइनच्या लागणीबद्दल खूप वाचायला मिळतं. आपल्याकडे पाइन आहे का? आमच्या शाळेमागे आहे तो पाइनच ना?

बहुतेक वेळा तो सुरू असतो. एक हिरवी काडी घ्या आणि दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा. सांध्यावर टक करून सुटली तर सुरू. ती काडी म्हणजे पान नाही, बारीक फांदी आहे, आणि सांध्यावर जी बारकी दातेरी कडा दिसते ती त्याची खरी पानं. पाइनची सुई अखंड असते, सांधा नसतो, आणि दोन, तीन किंवा पाचच्या जुडीत बुडाला बांधल्यासारखी येते. हिमालयातल्या चीडला तीनची जुडी असते.

पाइन हिमालयात आणि खासी टेकड्यांत मूळचा आहे, दक्षिणेत निलगिरी डोंगर, कोडाईकनाल इथे लावलेला आहे. आपल्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात लागण म्हटली की अकेशिया, निलगिरी, सागवान आणि थोडा सुरू. पण पाइनवरचं वाचन वाया जात नाही, कारण प्रश्न तोच आहे: एकाच जातीची, एकाच वयाची झाडं ओळीत उभी, खाली हळू कुजणारा पाचोळा, मग तळाला कुणाला जागा मिळते? प्रश्न तिकडून घ्या, उत्तरं मात्र आपल्या जमिनीवर बसून शोधायची. पाइनच्या सुया एकमेकांत गुंतून चटईसारखा थर होतो आणि उन्हाळ्यात तो पेट्रोलसारखा पेटतो. सुरूचीही चटई होते, खरं सुरूच्या मुळांत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नत्र धरतात, पाइनला ती सोय नाही. दिसायला सारखं, आतला हिशोब वेगळा.

३. अकेशियाच्या खाली काहीच उगवत नाही हे खरं काय?

पूर्ण खरं नाही, पूर्ण खोटंही नाही. लागणीचं वय बघायला लागतं. पहिली दोन-तीन वर्षं रोपांच्या मधे भरपूर ऊन असतं, तेव्हा गवत, टाकळा, चिकणा, रानतुळस सगळं माजतं. मग शेंडे जुळतात आणि तिथून तळ रिकामा व्हायला लागतो. लोकांनी फोटो काढलेला असतो तो याच वयाचा. पुढे झाडं मोठी झाली, काही पडली, काही तोडली की परत उजेड येतो.

शेंडे जुळले की उजेड कमी होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण उजेडाची *जात* पण बदलते, हे फारसं कुणी सांगत नाही. पानांतून गाळून आलेल्या उजेडातला लाल भाग पानांनी खाल्लेला असतो. पुष्कळ गवतांच्या आणि तणांच्या बियांना तेवढं कळतं, वर कुणीतरी आहे, आत्ता उठायचं नाही. त्या मरत नाहीत, मातीत पडून राहतात. म्हणूनच झाड पाडल्यावर पंधरा दिवसांत "कुठून आलं हे सगळं" असं होतं, ते आलेलं नसतं, तिथेच होतं.

शिवाय आपली माळावरची कुसळी, थेमेडा वगैरे गवतं सी-४ पद्धतीने अन्न करतात, ती कडक उन्हासाठी बनलेली, सावलीत त्यांचा जमाखर्च तोट्यात जातो. सावलीत दिसतं ते ऑप्लिस्मेनस नावाचं रुंद पानाचं, जमिनीवर पसरणारं गवत, पानांच्या कडा जरा लाटेसारख्या असतात. त्याच्या कणसाचे केस चिकट असतात, ऑगस्ट-सप्टेंबरात पँटला जे चिकटून घरी येतं ते हेच.

उजेडानंतर दुसरी अडचण पाचोळ्याची, ती पुढच्या प्रश्नात. तिसरी पाण्याची, ती ७ मध्ये.

४. अकेशियाचा पाला कुजतच नाही असं का? आंब्याचा, फणसाचा कुजतो की.

कुजतो, फार हळू. त्याचं "पान" हे पानच नाही. अकेशियाचं कोवळं रोप बघा, पहिली पानं बाभळीसारखी बारीक बारीक असतात, मग काही दिवसांत देठ चपटा होऊन कोयत्यासारखा होतो आणि पानाचं काम तोच करतो. हा चपटा देठ जाड, चिवट, वरून मेणचट. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या बाजूचं झाड आहे, कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला हे चांगलं, खरं खाली पडल्यावर बुरशीला आणि किड्यांना ते फोडायला वेळ लागतो.

मी एकदा जूनच्या शेवटी अशाच एका लागणीत गुडघ्यावर बसून हातभर जागेतला पाचोळा थर थर करून उचलला. वरचे देठ कोरडे, तांबूस, एकमेकांवर कौलासारखे बसलेले, वर पाऊस पडून गेला होता तरी पाणी त्यांच्यावरून घरंगळून गेलेलं. त्याच्या खाली काळसर, ओले, एकमेकांना चिकटलेले, मधून पांढऱ्या बुरशीचे धागे, बोटाने ओढले की कापसासारखे तुटायचे. आणि सगळ्यात खाली, मातीच्या वर, जेमतेम बोटाच्या पेराएवढा भुसभुशीत काळा थर, त्याला वास छान. या तिन्ही थरांतून एक हिरवं टोक सरळ वर आलेलं, पेन्सिलच्या टोकासारखं गुंडाळलेलं पान. त्याच्या शेजारीच वरच्या कोरड्या थरावर कसलंतरी बारीक बी रुजलं होतं, त्याचं पांढरं मूळ खाली ओल शोधत दोन देठांच्या मधे वळलं होतं आणि तिथेच सुकलं होतं.

मला वाटतं कोनाडा काय असतो हे त्या हातभर जागेत जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही. बारीक बी असलेल्याला हा थर म्हणजे छप्पर, त्याच्या शिदोरीत तेवढं मूळ वाढवायची ताकदच नसते. कंदातून येणाऱ्याला तोच थर म्हणजे पांघरूण, ओल टिकते, ऊन लागत नाही, आणि टोक वर काढायला कंदात गेल्या वर्षीचं अन्न भरलेलं असतं.

५. मग तळाला टिकतात ती झाडं कुठली? नावं सांगा, शोधायला सोपं पडेल.

वर सांगितलं त्यावरून अंदाज आला असेल, कंदवाल्यांचा वरचष्मा असतो. खानापूर तालुक्यात, जुनं जंगल जवळ असेल तर, लागणीच्या तळाला मे अखेरपासून क्रमाने बघत जा.

सगळ्यात आधी येणाऱ्यांत शेवळं, वळवाचा एखादा जोरदार पाऊस झाला की. आधी फूल, मग पान. नर्व्हिलिया नावाची जमिनीवरची आमरी (ऑर्किड) पण तशीच, आधी फुलाचा दांडा, तो गेला की एकच पान, गोलसर, बहुतेक जमिनीला टेकलेलं. लोक फोटो पाठवताना "एकच पान आहे, बाकी कुठे गेलं?" विचारतात, बाकी नाहीच. मग काळी मुसळी, पानं गवतासारखी घडी पडलेली आणि पिवळी चांदणी अगदी बुडात, फळ तर पानांच्या बेचक्यात मातीतच राहतं. रानहळद, तिचे गुलाबी तुरे रस्त्यावरूनही दिसतात. सापकांदा, हा जरा विशेष, त्याच्या कुळात कंद लहान असेल त्या वर्षी नर फूल आणि कंद पुरेसा मोठा झाला की मादी, कारण फळ धरायला जास्त अन्न लागतं. मग रानआलं, ग्लोबा, ओढ्याच्या अंगाला पेव, पांढऱ्या मोठ्या फुलांचं, खोड वळत वळत वर जाणारं. केना सगळीकडे. नेचे ओल धरून, हंसराज बांधाच्या कडेला.

आता बघा, हे सगळे एकाच सावलीत आहेत तरी एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, कारण त्यांनी वेळ वाटून घेतलीय. कुणी मे-जूनमध्ये वरची पानं पूर्ण दाट व्हायच्या आत फूल उरकतं, कुणी जुलै-ऑगस्टमध्ये पान पसरून कंद भरतं, कुणी सप्टेंबरात बी धरतं, आणि डिसेंबरपर्यंत बहुतेक सगळे जमिनीखाली. हिवाळ्यात येऊन "इथे काहीच नाही" म्हणणाऱ्यांची चूक इथे होते, झाडं आहेत, झोपलीयत.

उजेडाचं पण तसंच. सदाहरित दाट जंगलात जमिनीवर वरच्या उजेडाचे एक-दोन टक्केच पोचतात, लागणीत त्यापेक्षा जास्त असतो, तरी सलग ऊन नसतं. तळातली झाडं जगतात ती कवडशांवर. एखादा कवडसा चार-पाच मिनिटं पानावर थांबतो आणि सरकतो, सावलीत वाढलेलं पान तेवढ्यात पटकन काम सुरू करून दिवसाच्या कमाईतला मोठा हिस्सा मिळवतं.

जुनं जंगल जवळ नसेल तर वरची यादी फार लहान होते, ते १३ मध्ये.

६. सागवानाच्या खाली इतकं हिरवं आणि अकेशियाच्या खाली का नाही? दोन्ही लागणच की.

सागवान पानं गाळतो. साधारण जानेवारी ते मार्च तो उघडा पडतो आणि पावसाच्या तोंडावर परत पालवतो. म्हणजे मे-जूनच्या त्या आठवड्यांत, जमीन ओली झालीय आणि वर छत पूर्ण भरलं नाही, तळाला एक खिडकी मिळते. कंदवाले याच खिडकीवर टपलेले असतात. अकेशियाला ही खिडकीच नाही, तो बारमाही हिरवा. शिवाय सागाचं पान मोठं असलं तरी अकेशियापेक्षा लवकर कुजतं आणि त्यात चुना बऱ्यापैकी असतो.

त्यात किड्यांचा पण हात आहे. सुरुवातीच्या पावसात पानं खाणारी अळी आणि पाऊस सरताना पानाची जाळी करणारी अळी, दोन्ही वेळा वरचं छत विरळ होतं. शेतकरी घाबरतात, साहजिक आहे, वाढ मार खाते, पण तळाला तेवढे दिवस ऊन मिळतं.

एक तोटा पण सांगतो. सागाच्या मोठ्या पानावर पाणी जमून टपोरा थेंब खाली पडतो, आणि तळाला पाचोळा किंवा झाडोरा नसेल तर तो थेंब माती उडवतो. दांडेली-हल्याळकडच्या जुन्या सागाखाली उघड्या जागेत खडे खांबासारखे उभे राहिलेले दिसतील, मधली माती गेलेली. म्हणून सागाखालचं "तण" काढून लख्ख करायचं फॅड चांगलं नाही.

७. निलगिरी जमिनीत विष सोडते म्हणून खाली काही येत नाही, असं आमचे आजोबा म्हणायचे. बरोबर का?

थोडं बरोबर. निलगिरीच्या पानांचा अर्क काढून बियांवर घातला तर रुजवण कमी होते, हे कुंडीतल्या प्रयोगांत पुष्कळदा दिसलंय. पण रानात अर्क तेवढा घट्ट नसतो, पाऊस धुऊन नेतो, मातीतले जिवाणू मोडतात, आणि त्याच वेळी निलगिरी पाणी पण ओढत असते, त्यामुळे विष किती आणि तहान किती हे वेगळं काढणं अवघड. आपल्याकडे बघितलं तर कणकुंबीकडच्या धो धो पावसात निलगिरीखाली पावसाळाभर बऱ्यापैकी झाडोरा असतो आणि कमी पावसाच्या पूर्वेकडे तीच निलगिरी असूनही जमीन उघडी, म्हणजे पाण्याची बाजू जड आहे असं माझं मत. निलगिरीची सावली तशी विरळच, पानं लोंबती असतात, त्यामुळे इथे उजेड हा मुख्य अडसर नाही.

८. अकेशिया नत्र देतं म्हणतात. मग खतासारखं होऊन खालचं जोरात यायला पाहिजे ना?

चांगला प्रश्न, आणि बरेच जण इथेच फसतात. अकेशियाच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू नत्र धरतात, पाचोळ्यातून ते मातीत येतं, बरोबर. पण झाडाची वाढ जी गोष्ट सगळ्यात कमी आहे तिच्यावर अडते. तळाला कमी आहे उजेड, आणि आपल्या तांबड्या जांभ्याच्या मातीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, पटकन मिळत नाही. तिथे नत्र वाढवून काय होणार, जेवायला पान वाढलंय आणि पाणीच नाही तसं.

आणि वर छत फाटलं की हे साठलेलं नत्र आधी कोण उचलतं? तण. कमी खतात राहायची सवय असलेली आपली हळू वाढणारी झाडं मागेच राहतात.

९. आमच्या इथे लागणीखाली कमरेएवढं हिरवंगार वाढलंय. म्हणजे जमीन सुधारली म्हणायची ना?

आधी पान चुरगाळून वास घ्या. उग्र वास, तिकोनी पान, तीन ठळक शिरा असतील तर ती रानमोडी. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, आपल्या देशात १९व्या शतकात आली. घाणेरी पण तिकडचीच. दोघींना दाट सावली आवडत नाही, म्हणून रानमोडी दिसली की समजायचं इथे वरचं छत फाटलंय. तिचं बी वाऱ्यावर उडतं, तोडली तर बुडातून फुटते, उन्हाळ्यात वाळून आगीला सरपण देते आणि आग गेल्यावर परत बुडातूनच उठते.

कमरेएवढ्या रानमोडीखाली वाकून बघा, तिथे अकेशियापेक्षा जास्त अंधार असतो. म्हणजे वरचं छत गेलं आणि खाली दुसरं छत आलं, मधल्यांना खिडकी मिळालीच नाही. मला या गोष्टीचा खरोखर त्रास होतो, कारण लोक आनंदाने फोटो पाठवतात. काढायचं तर मुळासकट, पाऊस पडून माती मऊ असताना, फुलायच्या आधी, म्हणजे नोव्हेंबरच्या आत. काढल्यावर ती जागा उघडी सोडू नका, पाचोळा पसरून टाका.

१०. एकाच लागणीत इथे भरपूर आणि चार पावलांवर काहीच नाही, असं कसं?

चार पावलं आपल्याला, दोन इंचाच्या रोपट्याला तो दुसरा तालुका. खोडाच्या बुडाशी खोडावरून ओघळलेलं पाणी जास्त आणि पाचोळा उतारावर एका बाजूला साठलेला. जुन्या वारुळाची माती बारीक आणि वेगळ्या गुणाची, तिथे हमखास वेगळी झाडं. कुजत पडलेला ओंडका, जुनं बुंध्याचं खोड, तिथे नेचे. फॉरेस्ट खात्याने पाणी अडवायला चर मारलेले असतात त्यांच्या तळाला पाचोळा आणि ओल, काठावर मात्र उकरलेली उघडी माती, म्हणून बारीक बियांची झाडं काठावर आणि कंदवाली चराच्या तळाला. बारीक बियांना उघडी माती किती महत्त्वाची हे ४ मध्ये बघितलंच. गुरांची पायवाट असेल तर तिच्या दोन्ही अंगाला आघाडा, वनभेंडी, म्हणजे अंगाला चिकटून फिरणाऱ्या बियांची झाडं.

११. पाला आम्ही गोठ्यात आंथरायला आणि तरव्याच्या वाफ्यावर जाळायला नेतो. नेल्याने खालच्या झाडांचं नुकसान होतं की फायदा?

दोन्ही, आणि कुणाचा फायदा ते बघायला लागतं. सगळा पाला दरवर्षी नेला तर बारीक बियांना माती मिळते, गवत येतं, पण ओल जाते, कुजून परत मिळणारं अन्न तुमच्या गोठ्यात जातं, आणि उतारावर माती धुपते. अजिबात नाही नेला तर जाड थर, आणि उन्हाळ्यात आगीची भीती. मला विचाराल तर पट्टे पाडून न्या, यंदा एक पट्टा, पुढच्या वर्षी दुसरा, आणि खराट्याने माती दिसेपर्यंत झाडू नका, खालचा काळा थर राहू द्या. फेब्रुवारीच्या आत नेला तर बरं, मेमध्ये कंदांची टोकं वर येत असतात आणि पंजाच्या दाताखाली मोडतात.

मुद्दाम आग लावायचा विषय निघतो म्हणून सांगतो. खोलवरचे कंद एखाद्या आगीतून वाचतात, मातीच्या वरच्या थरातलं बी, आमऱ्यांना लागणारी बुरशी, किडे हे नाही वाचत. आमरीच्या बीला स्वतःची शिदोरीच नसते, ती बुरशी भेटली तरच रुजतं. आणि आग एका लागणीत थांबत नाही, हे आपल्याकडे प्रत्येक गावाला माहीत आहे.

१२. विरळणी केली की आपोआप सगळं परत येतं का?

नाही, विरळणी म्हणजे फक्त दार उघडणं, आत कोण येणार हे दाराबाहेर कोण उभं आहे त्यावर. शेजारी जंगल असेल तर जंगल, रानमोडी असेल तर रानमोडी (९ बघा). एकदम मोठी मोकळी जागा केली की तण जिंकतं, इकडे एक तिकडे एक अशी झाडं काढून कवडसे वाढवले तर सावलीच्या झाडांना जास्त संधी.

१३. मूळ जंगलातली झाडं लागणीत स्वतःहून परत येऊ शकतात का?

मोठ्या झाडांची रोपं येतात, पक्ष्यांनी टाकलेली जांभूळ वगैरे, अकेशियाच्या फांद्यांवर पक्षी बसतातच. तळातल्या छोट्या झाडांचं मात्र हळू असतं, उलटं वाटेल पण तसंच आहे. कंदवाल्यांपैकी पुष्कळांचं बी लांब जात नाही, काळ्या मुसळीचं तर मातीतच, वर सांगितलं. म्हणून भीमगड अभयारण्याच्या कडेची लागण आणि शहराजवळच्या माळावरची लागण, वय सारखं, झाड सारखं, तळ पूर्ण वेगळा. लागणीच्या आधी तिथे जंगल होतं की शेत होतं हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. नांगरून कंद निघून गेले असतील तर सावली कितीही योग्य असली तरी कोनाडा रिकामाच राहतो. दिवा ठेवायला जागा आहे, दिवाच नाही.

१४. माळावर आणि सड्यावर काहीच नसतं, तिथे अकेशिया लावलं तर हिरवं तरी होईल, वाईट काय त्यात?

कृपा करून नको. सडा उन्हाळ्यात उघडा कातळ वाटतो, जुलैनंतर बघा, सीतेची आसवं, दवबिंदू, कवला, तेरडा, सोनकी. यातल्या बहुतेकांचा कोनाडा म्हणजे भर ऊन, चार बोटं माती आणि चार महिन्यांची ओल. त्यावर सावली घातली की त्यांना सावलीत जायला कुठला जिना नाही, ती जातातच. आणि त्या बदल्यात सावलीची झाडं येतील म्हणावं तर त्यांना खोल माती लागते, ती तिथे नाही. निलगिरी डोंगरात गवताळ माळांवर पाइन, निलगिरी, वॅटल (अकेशियाचंच भावंड) लावल्यावर गवताळ रान गेलं, ते परत आणायला आता लोक झाडं काढतायत. आपल्या पट्ट्यात ती चूक नव्याने करायची गरज नाही.

१५. शेवळं, फोडशी लागणीत मिळाली तर खाल्ली चालेल का?

घरातल्या जाणत्या बाईमाणसाने ओळखून दिली तरच. शेवळासारखी दिसणारी भावंडं बरीच आहेत आणि सगळ्यांत घशाला खाजवणारे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून आंबट घालून नीट शिजवतात. कंद उपटू नका, वरचं तेवढंच न्या. अभयारण्यातून काहीच आणायचं नाही.

१६. आम्ही अथणीकडचे. हे सगळं आमच्याकडे लागू होतं का?

पाचोळा आणि वेळ वाटून घेण्याचं सूत्र लागू, झाडांची यादी नाही. तुमच्याकडे अडसर पाण्याचा, सावली बऱ्याचदा मदतच करते कारण जमीन कमी तापते. लागणीच्या मधल्या मोकळ्या जागेपेक्षा झाडाच्या बुडाशीच जास्त हिरवं दिसत असेल तर तेच कारण.

१७. स्वतः नोंद ठेवायची असेल तर कशी ठेवू? माझ्याकडे यंत्र वगैरे काही नाही.

सुतळीचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन करा, चार खुंट्या. लागणीत दहा जागा निवडा, छान दिसतात त्या नव्हे, ओळीने दर वीस पावलांवर येईल ती, नाहीतर आपण नकळत हिरव्या जागाच निवडतो. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी लिहायच्या: कुठली झाडं आणि किती, पाचोळ्याची जाडी (पट्टी मातीला टेकेपर्यंत खुपसून), आणि वरचं छत. छतासाठी मोबाइल जमिनीवर पालथा न ठेवता उताणा ठेवून समोरच्या कॅमेऱ्याने आभाळाचा फोटो घ्या, दरवेळी त्याच जागी, सकाळी ऊन चढायच्या आत. नाव येत नसेल तर "घडीचं पान, पिवळं फूल, बुडात" असं लिहिलं तरी चालतं, नाव नंतर मिळतं.

त्याच चौकोनांवर वर्षातून तीनदा जायचं: जूनचा पहिला पंधरवडा, ऑगस्टचा मधला, ऑक्टोबरचा शेवट. एकदाच गेलात तर अर्धी झाडं सुटतात, कारण ५ मध्ये आहे. खुंट्यांना रंग लावा, नाहीतर ऑगस्टमध्ये सापडत नाहीत. फॉरेस्टची जागा असेल तर आधी परवानगी घ्या, आणि पायात उंच बूट, पाचोळ्यात फुरसं असतं.